अडागालाच्या ओळींची जागा

शाळेत शिकवणाऱ्या कागेहाबाईंनी एगाद्वाला पहिल्यांदा पाहिलं ते चवाकाली गावच्या बाजारात. खरं तर त्यांचं लक्ष होतं त्याच्या थोरल्या भावाकडे, अडागालाकडे. तो त्याचं शेळीवरचं गाणं गात होता. त्याची बायको मिनायो खिळ्याने सोड्याच्या रिकाम्या बाटलीवर ताल धरत होती आणि एगाद्वा मागे बाकड्यावर खालमानेने गिटार छेडत होता. अंगठा जाड तारांवर, तर्जनी बारीक तारांवर, आणि तेच तीन स्वरमेळ फिरून फिरून. बाईंनी वर्गात अशी मुलं पुष्कळ पाहिली होती: उत्तर येतं, पण हात वर करत नाहीत.

त्यानंतर अकरा वर्षांनी अडागाला तापाने गेला. पुरल्यानंतर तिसऱ्या दिवशी रीतीप्रमाणे घरातल्या सगळ्यांचे केस उतरवायचे होते. न्हावी वस्तरा घेऊन बसला, पण म्हातारी आई हटून बसली.

"माझ्या लेकाचं शेळीचं गाणं कानावर पडल्याशिवाय माझ्या डोक्याला हात लावायचा नाही."

आईचे केस उतरल्याशिवाय मिनायोला घराबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं, पाहुण्यांना परतता येत नव्हतं. एगाद्वाने गिटार घेतली. बाटली मिनायोनेच धरली. तीन स्वरमेळ फिरले आणि अडागाला जिथे गायला सुरुवात करायचा तिथे एगाद्वाचा हात हलका झाला. भावाच्या आवाजाला वाट करून द्यायची इतक्या वर्षांची सवय. कुणी गायलं नाही. पुन्हा सुरुवात, पुन्हा तिथेच हात हलका.

"बस चुकली वाटतं त्याची!" चुलत मामा ओरडला. अशा दिवशी थट्टा करायचा मान त्याचाच. माणसं हसली. एगाद्वा हसला नाही, रागावलाही नाही.

"तूच गा की रे," आई म्हणाली.

"मला गाता येत नाही, आई."

"भाऊजी, शब्द राहू द्या," मिनायो बाटली न थांबवता म्हणाली. "हे गायला बसायचे तेव्हा तुम्हीच म्हणायचात ना, यांच्या गाण्याची चाल तुमच्या बोटांखालीच आहे म्हणून? मग काढा आता."

त्याने हाताची ठेवण बदलली नाही. अंगठा चालत राहिला. फक्त डाव्या हाताची करंगळी सगळ्यात बारीक तारेवर टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली, आणि शेळीच्या गाण्याची पहिली ओळ वर आली. दुसऱ्या ओळीत एक सूर चुकला. त्याने मागे जाऊन तो नीट केला, सैल नट आवळावा तसा. शेवटच्या ओळीला म्हातारीने डोक्यावरचं फडकं सोडलं आणि न्हाव्यापुढे मान वाकवली.

सांत्वनाला आलेल्या कागेहाबाई एगाद्वाचा चेहरा बघत होत्या. त्यावर काहीच नव्हतं. नंतर चहाचा पेला देताना त्यांनी विचारलं, "कसं वाटलं रे?"

"काही नाही, बाई. बोट कुठे ठेवायचं तेवढंच बघत होतो." एक घोट घेऊन म्हणाला, "साखर कमी आहे."

बाईंनी साखर आणून दिली.

आता एगाद्वा बावन्न वर्षांचा आहे. चवाकालीत सायकली दुरुस्त करतो. बाजाराच्या दिवशी दुपारी हात पुसून मिनायोच्या बाटलीच्या तालावर तासभर वाजवतो. गाणारा माणूस त्यांनी ठेवलेला नाही; अडागालाच्या ओळी एगाद्वाची करंगळीच काढते.