सरपंच कोण, हे मी विचारलंच नाही

काही तपास संपतात, तरी मनातून जात नाहीत. उदगीरकडच्या एका गावातली ही घटना मला अजून जशीच्या तशी आठवते.

जयंतीची मिरवणूक सवर्णांच्या मोठ्या गल्लीत शिरली आणि दगड आला. बौद्ध वस्तीतल्या एका म्हाताऱ्याचं डोकं फुटलं, मिरवणूक अर्ध्यातून परतली. दुसऱ्या दिवसापासून वस्तीतल्या बायांना शेतकामाला कुणी बोलवेना. ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला आणि उपअधीक्षक म्हणून तपास माझ्याकडे आला. ज्याला विचारावं तो म्हणे, "म्या रानात होतो." सगळं गाव एकाच संध्याकाळी रानात!

तिसऱ्या दिवशी ठाण्यात एका बाईचा फोन आला. "दगड कुणी मारला ते सरपंचाच्या घरात इचारा." फोन बंद.

मी सरपंचांना बोलावलं. पांढऱ्या कपड्यांतले गृहस्थ आले. दोन दिवस चहा पाजला, दरडावलं. "मला काय ठाव न्हाई, साहेब," यापुढे गाडी सरकेना. शेवटी आमच्या महिला हवालदार हळूच म्हणाल्या, "सर, हे सरपंच नाहीत. सरपंच यांच्या मंडळी आहेत."

मी गावाच्या शांतता समितीची जुनी यादी काढली. 'सरपंच' म्हणून नाव याच गृहस्थांचं, आणि खाली सही माझी. लाज वाटली.

सरपंचबाई आल्या, खुर्चीवर ताठ बसल्या. "फोन म्याच केलता. दगड माझ्या धाकल्या दिरानं मारला. म्या माडीवरून बघितलं."

"जबाब लिहून घेतो. पण तुम्हाला त्याच घरात राहायचंय."

"लिव्हा. त्या म्हाताऱ्याच्या सुनेसंगं धा वर्सं खुरपलंय म्या. तिला तोंड कसं दावू?"

दिराला अटक झाली. सासूनं बाईंशी बोलणं टाकलं. तरी समितीची नवी बैठक बाईंनीच बोलावली आणि निम्म्या जागांवर दोन्हीकडच्या बाया बसवल्या. नवरा सवयीनं मधल्या खुर्चीकडे निघाला, तेव्हा "तुमी तिकडं बसा," एवढंच म्हणाल्या. म्हाताऱ्याच्या सुनेनं ठणकावलं, "मिरवणूक जिथं थांबली, तिथूनच निघंल. आन् कामाला पहिल्यावानी बलवायचं." तसंच ठरलं.

बंदोबस्ताला मी जातीनं उभा होतो. मिरवणुकीत पुढे सरपंचबाई आणि ती सून. बाईंच्या घराशी आल्या, तर सासूनं दार आतून लावून घेतलेलं. बाईंनी एकदा दाराकडे पाहिलं, म्हाताऱ्याच्या सुनेचा हात धरला आणि चालू लागल्या.

मी ताडकन सॅल्यूट ठोकला. वरिष्ठांना रोजच ठोकत आलो, पण मनापासून ठोकलेला तो एकच. गुन्हेगार कसा शोधायचा, हे मला खात्यानं शिकवलं होतं. सरपंच कोण, हे आधी विचारायचं असतं, हे त्या बाईंनी शिकवलं.