होडी बुडवायची होती

मी सातवी पास होते आणि पाण्याला घाबरत होते. या दोन्ही गोष्टींचा मला सारखाच अभिमान होता. घाटाखालच्या गावातल्या मास्तरांची मी मुलगी. स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली असतील, तेव्हा मला मालवणजवळच्या खाडीतल्या जुव्यावर दिली. जुवा म्हणजे खाडीतलं लहानसं बेट. थोडी घरं, माडांची रांग आणि चहूकडून ते पाणी. अंगणात पाय घसरला तर थेट गोव्याला पोहोचू, अशी माझी समजूत होती.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळी हे शेजाऱ्यांच्या होडीतून पलीकडच्या गावात गिरणीवर गेले, भात सडून आणायला. शेजारी त्यांना उतरवून तसेच मालवणला गेले. दुपारी यांना आणायला आम्ही दोघींनी जायचं होतं. म्हणजे सासूबाईंनी वल्हवायचं आणि मी होडीची कड घट्ट धरून बसायचं.

जेवणं व्हायच्या आतच एक मच्छीमार घाईघाईने होडी हाकत समोरून गेला. न थांबताच ओरडला, "गे म्हातारे, बंदरार बावटो चढलो! मोठा वादळ येता!"

सासूबाईंनी पश्चिमेला पाहिलं. आभाळ न घासलेल्या तांब्याच्या हंड्यासारखं झालं होतं. काठच्या कांदळवनातून कुर्ल्या, म्हणजे खेकडे, निघून रांगेने आमच्या पायरीकडे येत होत्या.

"आज कुर्ल्यांचं सांबारं करूया," मी म्हणाले.

"तेंका कळला, तुका कळना नाय," सासूबाई म्हणाल्या आणि पदर खोचला.

मग त्या कामाला लागल्या आणि मी त्यांच्या पायात पायात. आधी गोडं पाणी: खाडी विहिरीत शिरली की विहीर कामातून गेली, म्हणून घरातलं होतं नव्हतं ते भांडं भरलं. तांदूळ, मीठ, आगपेटी माळ्यावर. कोंबड्या डालग्यासकट माळ्यावर. छपरावरून काथ्याचे दोर टाकून टोकं माडांना आवळली. गाईचं दावं सुटलेलं दिसलं, ते मी धावत जाऊन पक्कं बांधलं. सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

"मियां सोडलेला ता! बांधलेला ढोर बुडता गो, मोकळा ढोर पोहता. मास्तरान ह्या शिकवक नाय?"

दावं पुन्हा सोडलं. "आता चल, होडी बुडवूया," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. पण जुव्यावरची सगळी घरं तेच करत होती. तरंगती होडी वारा उचलतो आणि माडावर आपटून तिचे तुकडे करतो. पाण्याखालच्या होडीला तो हात लावत नाही. आणि होडी गेली तर मासळी गेली, बाजार गेला, वैद्य गेला.

"मग यांना आणणार कोण?"

"कोण नाय. तो थंयच रवतलो. गावात देवळाचे पक्के भिंती आसत."

मी तरातरा जाऊन होडीत बसले. "बुडवायची तर मला घेऊन बुडवा!"

सासूबाईंनी पहिला धोंडा माझ्या पायाशी ठेवला. मग दुसरा. मग कळशीने पाणी ओतायला लागल्या. "बस बस. एक धोंडो कमी लागतलो."

पाणी मांडीपर्यंत आलं तिथे माझा सत्याग्रह संपला. मला पोहता येत नव्हतं आणि लुगडं नवं होतं.

होडी चिखलावर टेकली. सासूबाईंनी वल्हं माझ्या हातात दिलं. "ह्या धक्क्यार नेऊन रोव. उभा. तो बघतलो आणि फिरतलो."

तेवढी एक खूण होती आमच्याकडे. ओहोटीला पलीकडचा माणूस मधल्या वाळूच्या पट्ट्यापर्यंत चालत यायचा आणि होडी त्याला तिथून उचलायची. वल्हं हलवलं म्हणजे "निघालो, पट्ट्यावर ये." उभं रोवलं म्हणजे "होडी नाही, येऊ नको." भरती लागली की पट्टा पाण्याखाली जायचा. हे सगळं मला लग्नाच्या आठवड्यातच सांगितलं होतं.

मी धक्क्यावर गेले. पलीकडे हे डोक्यावर पोतं घेऊन उभे. यांचं लक्षच नाही असं मला वाटलं. म्हणून मी वल्हं दोन्ही हातांनी वर धरलं आणि जीव खाऊन हलवलं.

हे पाण्यात उतरले.

"आई, यांनी बघितलं!" मी आनंदाने ओरडले.

सासूबाईंना मी पहिल्यांदाच धावताना पाहिलं. त्यांनी वल्हं हिसकावलं, चिखलात खुपसलं आणि लांब सरकून हात खाली सोडून उभ्या राहिल्या. हलवणारं कुणी नाही हे पलीकडून दिसावं म्हणून. तोवर हे पट्ट्यावर पोहोचले होते आणि पाणी चढायला लागलं होतं. पश्चिमेकडून पाऊस आला. आधी खाडीच्या मुखाकडचे माड पावसाआड गेले, मग पलीकडचा काठ गेला. शेवटचं दिसलं तेव्हा हे थांबले होते. वळले की नाही, ते दिसलंच नाही.

रात्र आम्ही कोंबड्यांबरोबर माळ्यावर काढली. खाली खाडी घरात फिरत होती. "वळले असतील ना?" मी सारखी विचारत होते. सासूबाई एकदाच म्हणाल्या, "तेका पोहूक येता." तेही मला नव्हे.

उजाडल्यावर सगळ्या जुव्याने मिळून होड्या उपसल्या. आमची धड होती. सासूबाई अशा वल्हवत होत्या की कड धरायचंही मला सुचलं नाही. देवळाच्या पायरीवर हे कुणाचं तरी धोतर नेसून पेज भुरकत बसले होते. सासूबाईंनी जाऊन आधी पाठीत एक धपाटा घातला आणि मग तोच हात तिथेच ठेवला.

"पाण्यात कशाक उतरलंस रे मेल्या?"

"हिणा वल्हा हलयल्यान ना! मगे उभा दिसला म्हणान फिरलंय. छातीभर पाणी झाला होता. तांदूळ गेले."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पायाची बोटं मोजत होते.

"तिणा खंय हलयल्यान? वाऱ्यान हलला ता."

"तेव्हा वारो खंय होतो, आये?"

"तू गप रव. पेज संपय आणि होडयेत बस."