खालांसाठी बघून आणलेला मोहरम

कुरुंदवाडला गेले ते नसीमामुळे. राजारामपुरीतल्या एका शाळेत आम्ही दोघी शिकवत होतो, डबा एकत्र खात होतो. सत्तरचं दशक सरत आलेलं. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी गेली आणि तिथून निरोप आला, "बाळ बघायला ये. मोहरमलाच ये, म्हणजे दोन्ही होईल."

माझं हे पान वाचून कुणी निघणार असेल तर सांगते, कोल्हापूर स्टँडवरून इचलकरंजीमार्गे जाणारी सकाळची एसटी बरी. तिकीट तेव्हा दोन-तीन रुपये होतं. रस्ता असा उखडलेला, की मांडीवरची बाळंतविड्याची पिशवी सारखी घसरायची. दोन्हीकडे ऊस, मधूनच गुऱ्हाळाचा गोडसर धूर. हाताशी वेळ असेल तर शेजारच्या दत्ताच्या वाडीला जाऊन कवठाची बर्फी घ्या. मी घेतली नाही. मला मोहरम बघायचा होता.

नसीमाच्या आईला सगळी गल्ली खाला म्हणायची. अंगणात घसरून त्यांचं कमरेचं हाड मोडलं होतं. जन्मात पहिल्यांदाच त्यांचा मोहरम खाटेवर चालला होता. नसीमा ओली बाळंतीण, चाळीस दिवस उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही. घरचे पुरुष पंजा उचलायला गेलेले. पंजा म्हणजे काठीवर बसवलेला धातूचा हात. कापडांनी, फुलांनी सजवून तो मिरवतात. दोन मोहल्ल्यांचे पंजे चौकात एकमेकांना टेकवतात, त्याला भेट म्हणतात. खालांनी ती भेट कधी चुकवली नव्हती.

जेवण झालं. गुळाचे चोंगे, जाड, गोड, तुपातले. मी दोन खाल्ले. मग खालांनी मला खाटेशी बोलावलं.

"सरोज, तू जा. बघून ये आणि मला सांग."

"मी? नसीमाचे भाई येतील की संध्याकाळी. ते सांगतील."

"त्यो? 'लई गर्दी हुती' म्हणंल आणि घोरत पडंल. तू शाळा शिकवतीस. नीट सांगशील."

नसीमा बाळाला थोपटत हसली. "अम्मी, ती सिस्टरांच्या शाळेत शिकलेली. इंग्रजीत सांगेल."

"सांगू दे की. माझं डोळं मिटलेलं असत्यात, मला दिसायला पायजे बस."

ही जबाबदारी मी फार मनावर घेतली. चौकात पोचले तर मुंगीला वाट नव्हती. नऊवारी नेसलेल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू लावलेल्या एका बाईनं माझा दंड धरून पुढे ओढलं. नसीमाच्या शेजारच्या अक्काताई. "पावणं, म्होरं या की! मागनं काय दिसतंय?"

"तुम्ही दरवर्षी येता?"

"येता म्हंजे? आमचा पीर हाय ह्यो. माझं थोरलं पोरगं ह्येनंच दिलंय."

उदाचा धूर, ताशे, हिरवी-जांभळी कापडं, खारीक-खोबऱ्याची उधळण. मी सगळं डोळ्यांत भरून घेत होते. कोणता पंजा कुठून आला, कुणाचा हार मोठा, धातूवर ऊन कसं चकाकलं. दोन्ही पंजे एकमेकांना टेकले आणि गर्दीतून एकच आवाज उठला. त्या सगळ्यात केव्हातरी शेजारी बघितलं, तर अक्काताईंचा चेहरा आसवांनी ओलाचिंब. मी पुन्हा पंजांकडे मान वळवली.

परत येऊन खाटेशी बसले आणि सांगत सुटले. खाला डोळे मिटून ऐकत होत्या. रंग सांगितले, वास सांगितला, ऊन सांगितलं. त्या "हां, हां" म्हणत राहिल्या, पण चेहरा कोरडाच. माझ्याजवळचे शब्द संपत आले. शेवटी सहज म्हणाले, "अक्काताई तर रडत होत्या."

खालांनी डोळे उघडले. कोपरावर उठायला बघितलं. "रडली? कवा? भेट व्हायच्या आधी का झाल्यावर?"

मला माहीत नव्हतं.

"आठव की, बाई. आधी रडली तर मागणं हाय. नंतर रडली तर पावलाय त्यो. कवा रडली?"

मी आठवत राहिले. आठवत होती ती फक्त जांभळी कापडं.

"असू दे," खाला म्हणाल्या. माझा हात थोपटला आणि भिंतीकडे तोंड केलं. तेवढ्यात भाई आले, भिंतीला टेकून म्हणाले, "लई गर्दी हुती." नसीमालाही हसू आलं नाही. अक्काताईंना विचारायला मी धावत गेले, तर दाराला कुलूप. त्या मिरवणुकीबरोबर नदीवर गेल्या होत्या आणि माझी शेवटची एसटी निघायची होती.

पुढचा मोहरम खालांनी बघितला नाही. त्याआधीच गेल्या.

सिस्टरांच्या शाळेतल्या चॅपलमधल्या प्रार्थना मला अजून तोंडपाठ आहेत, आणि एकही माझी नाही. माझ्या वडिलांच्या गळ्यातल्या इष्टलिंगाबद्दल नसीमानं एकदा विचारलं होतं. मी पुस्तकातलं उत्तर दिलं, तिनं मान डोलावली, तिथंच संपलं. मग दुसऱ्याच्या पिराबद्दल मी काय सांगणार होते? आणि अक्काताई तर माझ्यासारख्याच परक्या होत्या ना, मग त्या तिथं घरच्या कशा? एवढ्या वर्षांत या प्रश्नाला मला उत्तर सापडलेलं नाही. आता सापडेल असंही वाटत नाही.

अजूनही मोहरमात ताशे ऐकू आले की मी खाली जाते. आता पंजाकडे बघत नाही, बायकांच्या तोंडाकडे बघते. कोण कधी रडलं ते नीट लक्षात ठेवते. घरी येते, चहा ठेवते. सांगायचं कुणाला?