पिरिहिराची झाडभेट

ओपोटिकी गावाच्या पुढे, समुद्राच्या कडेला पिरिहिराचं घर आहे आणि घरामागे तिचा गोतावळा उभा आहे. माणसं शहरांकडे गेली, झाडं राहिली. पोहुतुकावाची झाडं ती. जांभूळ-पेरूच्या गोतातली, पण अंगाने खडकासारखी, नाताळच्या उन्हात लालभडक फुलणारी. त्या घरात मूल जन्मलं की त्याची वार मागच्या मातीत पुरायची आणि तिच्यावर एक रोप लावायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत.

पिरिहिराच्या बापाचं झाड सगळ्यांत थोर. त्याच्या फांद्या भरतीच्या पाण्यात हात बुडवतात. शेजारी तिचं स्वतःचं. पलीकडे भाऊ रेवेतीचं. तो होडी घेऊन गेला तो परतलाच नाही. पुरायला काही हाती लागलं नाही, तेव्हा घरच्यांनी झाडालाच त्याचं थडगं मानलं. आणि कडेला तिच्या लेकाचं, तामाचं. तामा ऑस्ट्रेलियात खाणीवर असतो. फोनवर तो आधी झाडाची खुशाली विचारतो, मग आईची.

पिरिहिराचं तरुणपण डोंगरावर पाइन लावण्यात गेलं. पाठीला रोपांची पिशवी, हातात कुदळ, पायाखाली चिखल. टोळीतले पुरुष मागे पडत आणि ती वर चढून त्यांना हसत असे. आज त्या डोंगरांवर पाइनचं काळं रान माजलंय. हिवाळा सरता सरता, ऑगस्ट-सप्टेंबरात, त्याला पराग येतो आणि उतारावरून पिवळे ढग खाली येतात. गाड्या, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे, कुत्र्याची पाठ, सगळं पिवळं होतं. परक्या माणसाला वाटतं, रानाला आग लागली. इथली माणसं फडकं फिरवतात आणि कामाला लागतात. "पाइनची पूड माझ्याएवढी कुणी खाल्ली नसेल," असं पिरिहिरा छाती काढून सांगत असे. ते खरंही होतं.

त्या वर्षी सप्टेंबरच्या तोंडाला तिला पणतू झाला. तामाची लेक माराएया शहरातून बाळाला घेऊन आली. बरोबर आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात गोठवून ठेवलेली वार. ती दोघं गावातच माराएयाच्या मावशीकडे उतरली. रविवारी रोप लावायचं ठरलं आणि शनिवारी सकाळी बाळाला मावशीकडे ठेवून आजी-नात विरिहानाच्या रोपवाटिकेत गेल्या.

विरिहाना नात्यातलाच, पिरिहिराच्या मावसबहिणीचा मुलगा. एरवी फाटकातच गळाभेट घेणारा. त्या दिवशी पॉलिहाऊसच्या दारात ओलं फडकं घेऊन उभा होता.

"काय रे विरी, रोपांच्या आंघोळी चालल्यात की काय?" पिरिहिराने विचारलं.

"काय करणार मावशी. रोज पुसतो, रोज येतं. तुमच्या त्या पाइनने वैताग आणलाय."

"माझा पाइन? नफा कंपनीने घेतला, शिव्या मला होय रे?"

तो हसला, पण हसू ओठांवरच राहिलं. आत उबदार ओल कोंदली होती. प्लॅस्टिकवरून थेंब ओघळत होते. रांगेने ठेवलेल्या पिशव्यांत रोपांना कोवळी लालसर पालवी फुटली होती. बाहेर पाखरांचा नुसता गोंगाट होता. आत मात्र एक माशीही फिरकत नव्हती.

पिरिहिरा रांगेतून हळूहळू चालली. रोप निवडायची तिची पद्धत अशी, की शेंडा पाहायचा, मग बुंधा चिमटीत धरायचा, मग डोळे मिटायचे. एका रोपाशी ती थांबली. सगळ्यांत जोमदार तेच होतं. त्याच्या पानांवर पिवळी भुकटी होती, हळदीच्या बोटांनी कुणी शिवावं तशी, ठिपक्याठिपक्यांनी.

"आजी, हे काय गं?" माराएया वाकली.

"पाइन. दुसरं काय?"

"अगं, पण इथे आत? दार बंद असतं ना? वारा कुठून येणार?"

"शहरात राहून तू दार उघडायचं विसरलीस वाटतं. विरी आत येतो तो काय भिंतीतून येतो?"

"आणि शेजारच्या पानावर काहीच नाही बघ. जुन्या पानांवर पण नाही. फक्त कोवळ्यावर आहे."

"कोवळ्याला चिकटतं. बाळाच्या गालाला सगळं चिकटतं, माझ्या गालाला काय चिकटणार?"

माराएयाने विरिहानाकडे पाहिलं. तो फडकं पिळत होता. "मावशीला पाइन कळतो बाई," तो म्हणाला. "तिने म्हटलं तर पाइनच." ओझं उतरलेल्या माणसासारखा त्याने श्वास सोडला.

पिरिहिराने आपल्या लोकरीच्या बाहीने रोपाची पानं पुसली आणि रोप छातीशी धरलं.

दुपारी माराएया मावशीकडे परतली आणि पिरिहिरा झाडांत गेली. त्या घराची आणखी एक चाल होती, दुसऱ्या कुणाची नव्हे, त्यांचीच. नवं रोप मातीत जाण्याआधी वडीलधाऱ्यांना भेटवायचं. इथली माणसं नाकाला नाक लावून भेटतात, एक श्वास दोघं घेतात. तसंच पानाला पान लावायचं. तिच्या आजीने तामाचं रोप असंच फिरवलं होतं.

ती बापाच्या झाडाशी गेली. खाली आलेली एक फांदी ओढून तिच्या कोवळ्या शेंड्याला रोपाचं पान टेकवलं. "बाबा, हा तुमचा खापरपणतू म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. नजर ठेवा." मग रेवेतीच्या झाडाशी. "तुझ्यासारखा अवखळ निघू नये म्हणजे झालं." मग स्वतःच्या, मग तामाच्या. प्रत्येकाशी ती थांबली, बोलली, पान घासलं. हाताला पिवळं लागत होतं. तो हात ती सालींवरून मायेने फिरवत राहिली.

संध्याकाळी तिने बारीक पांढऱ्या मासळीची अंड्यातली धिरडी केली आणि पावसाचा आवाज ऐकत झोपली.

सकाळी जग धुतलेलं होतं. टाकी चकचकीत, गाडीची काच लख्ख, ओसरीच्या पायऱ्यांवर पुडीचा कणही नाही. परागाचा पिवळा ओघळ अंगणातून समुद्राकडे निघून गेला होता. रोप मात्र रात्रभर पागोळ्यांखाली राहिलं होतं आणि त्याची पानं पिवळीच होती.

पिरिहिरा थबकली. मग तिने पान उलटं केलं. खालची बाजू वरच्याहून पिवळी होती. तिने बोट फिरवलं. पूड पानावर बसलेली नव्हती. ती पानातून उगवली होती. बारीक बारीक फोड, खरखरीत, मांजराच्या जिभेसारखे. बोटाने दाबला तसा एक फुटला आणि ताजी भुकटी तिच्या नखात भरली.

तांबेऱ्याचं, झाडांवरच्या त्या बुरशीचं, नाव तिने ऐकलं होतं. वाऱ्यावर बसून समुद्र ओलांडून आला म्हणत, आणि उत्तरेकडची झाडं शेंड्याकडून वाळत गेली म्हणत. सभाघरात सरकारी बाई त्याची चित्रं दाखवत होती, तेव्हा पिरिहिरा मागे बसून चहाचे कप विसळत होती. पिवळ्याबद्दल तिला काय शिकवणार ही पोर, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

तिने काळ्या कचऱ्याच्या पिशवीत रोप हळूच घातलं, तोंड बांधलं. अंगातला स्वेटर दुसऱ्या पिशवीत. कोपरांपर्यंत हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले. तरी काल ते हात कुठे कुठे फिरले होते, ते आठवायचं थांबेना. कुठल्या फांदीला, कुठल्या शेंड्याला. सगळ्यांना. एकाला वगळलं नव्हतं.

गाडीचा आवाज आला. माराएया डबा आणि बाळ घेऊन फाटकाशी उतरली.

"तिथंच थांब!" पिरिहिरा ओरडली. "आत पाय टाकू नकोस!"

"आजी? काय झालं? बरं नाही का?"

"मी बरी आहे. ते पिवळं पाइनचं नव्हतं. तांबेरा आहे."

काल मी सांगत होते, असं माराएया म्हणाली नाही. ते म्हातारीला जास्त लागलं.

"मी ते रोप सगळ्या झाडांना भेटवून आणलं गं," पिरिहिरा म्हणाली. "पानाला पान लावून."

"पाऊस पडलाय आजी. धुऊन गेलं असेल."

"ओलीतच रुजतं ते."

बाळ कुरकुरलं. माराएयाने त्याला खांद्यावर घेतलं. "मग आता?"

"विरीला फोन कर. दार बंद ठेव म्हणावं, एक रोप बाहेर जाता कामा नये. रडेल तो, रडू दे. मग त्या सरकारी लोकांना बोलाव."

"ते आले तर फांद्या छाटतील. कदाचित अख्खी झाडं. माझ्या बाबाचं पण."

"माहीत आहे."

"कुणाला सांगायलाच हवं का? दोन आठवडे वाट बघू. लागलं नसलं तर?"

पिरिहिराने किनाऱ्याकडे पाहिलं. खाडीपलीकडे दुसऱ्या घरांची झाडं होती, त्यांच्यापुढे दफनभूमीची, आणि तिथून टोकापर्यंत सगळा कडा पोहुतुकावांनीच धरून ठेवलेला.

"फोन लाव," ती म्हणाली. "मी बोलते. नाव माझं सांग."

माराएयाने फोन लावला आणि आवाज मोठा करून फाटकाच्या खांबावर ठेवला. पलीकडे घंटा वाजत राहिली. ऊन वर आलं. पावसाने रात्रीत काम केलं होतं. बापाच्या झाडाच्या शेंड्याशेंड्याला नवी पालवी सुटली होती, तांबूस, लुसलुशीत, अजून न उलगडलेली. आणि तेवढ्यात जमिनीवरून खाडीपलीकडच्या झाडांकडे वारा सुटला.