गाणं संपलं की येतो

माझ्या काकांना आयुष्यात दोनच गोष्टी नीट जमल्या. फाटक्या कपड्याला रफू करणं आणि एका गाण्याला दुसरं गाणं जोडणं. लग्न जमलं नाही, चार माणसांत बसून गप्पा मारणं तर मुळीच नाही. आमच्या लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत, खिडकीपाशी, डोळ्याला भिंग लावून ते पन्नास वर्षं बसले. कोटाला भोक पडलं की त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे आणि भोक भरायचं. बाहेरचा धागा वापरणाऱ्याला ते रफूगार म्हणत नसत, ठिगळ्या म्हणत. कोट परत दिला की भोक कुठं होतं हे गिऱ्हाइकालाच सापडायचं नाही, आणि काही महाभाग तर काम केलंच नाही म्हणून आमच्याशीच भांडायचे.

तरुणपणी त्यांचा रविवार मात्र वेगळा असायचा. चपला-बुटांच्या गोदामाखाली एक तळघर होतं. बावीस पायऱ्या उतरायच्या, चामड्याच्या वासातून पुढे जायचं आणि जाड पडदा बाजूला सारायचा. आत डिस्को. तेही दुपारी तीन ते सहा, कारण नाचायला येणारी माणसं सोमवारी पहाटे कामाला जुंपलेली. धोबी, इस्पितळातल्या आया, केस कापणाऱ्या मुली, नवऱ्यानं टाकलेल्या बायका, ज्यांना बायको नको होती असे पुरुष. मोठ्या हॉटेलांच्या नाचघरांत दारावरचा माणूस यांना नुसतं बघूनच वाटेला लावायचा.

काकांचं म्हणणं, डिस्को वाढलाच मुळी अशा हाकललेल्यांत. साता समुद्रापलीकडच्या मोठ्या शहरांत काळी माणसं, परक्या मुलखातून आलेली माणसं, पुरुषांवर जीव लावणारे पुरुष असल्याच तळघरांत आणि रिकाम्या गोदामांत जमायचे. वाजवायला बँड कुठून आणणार? म्हणून रेकॉर्ड. आणि रेकॉर्ड तर तीन मिनिटांत संपायची. संपली की नाचणाऱ्याला आपण कोण, कुठले, उद्या कुठं जायचंय, सगळं आठवायचं. म्हणून दोन प्लेअर शेजारी शेजारी ठेवून एक गाणं संपायच्या आत दुसरं त्यात मिसळायची रीत पडली. पुढे कंपन्यांनीही नाचासाठी सात-आठ मिनिटांच्या लांब रेकॉर्डी काढल्या.

"लोकांना वाटतं डिस्को म्हणजे चकचकीत कपडे," काका म्हणायचे. "कपडे नंतर आले गं. आधी एवढंच होतं, की हे संपू नये."

मला हे सगळं तोंडपाठ आहे. लहानपणी गोष्ट सांगा म्हटलं की इतर मुलांचे काका राजाराणी सांगायचे, आमचे काका टेबलावर बोटं आपटायचे. धप, धप, धप, धप. मिनिटाला साधारण एकशेवीस, भरभर चालणाऱ्या माणसाच्या पावलांइतके. "यात चुकायला जागाच नाही," ते सांगायचे. "ज्याला नाचता येत नाही त्यालाही चालता येतं ना? झालं तर मग." आणि शब्द नीट ऐक, असंही सांगायचे. निम्मी गाणी सोडून गेलेल्या माणसांची. शब्द रडतात आणि ठेका म्हणतो, असू दे, चल. म्हणून ही गाणी म्हातारी होत नाहीत, असं त्यांचं मत. मला वाटतं ते स्वतःबद्दलच बोलत असत, पण तसं तोंडावर म्हणायची माझी टाप नव्हती.

तळघरात त्यांची जागा होती तीन पायऱ्या वर, एका लाकडी ओट्यावर. एका कानाला हेडफोन, डावा प्लेअर, उजवा प्लेअर. खाली पडद्यापाशी कोट सांभाळणारी एक मुलगी बसायची. लोकांचे कोट खुंटीला लावायची आणि पितळी टोकन द्यायची. तिला सगळे टोकनबाई म्हणत, वय असेल बावीस. काका तिच्याकडे बघत आणि ती काकांकडे, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

एका रविवारी तीच ओट्यापाशी आली आणि म्हणाली, "सगळ्यांना नाचवता. एकदा खाली या की माझ्याबरोबर."

काका म्हणाले, "हे गाणं संपलं की येतो."

आता बघा, हा माणूस खोटं बोलत नव्हता. पण गाणं संपू न देणं हेच तर त्याचं काम! डावीकडची रेकॉर्ड सरत आली की हात आपसूक उजवीकडे जायचा. खाली माणसं डोळे मिटून नाचताहेत, त्यांचं गाणं आपण तोडायचं कसं, आणि तेही स्वतःच्या सुखासाठी? सहा वाजले की टोकनबाईपुढे कोटांची रांग लागायची, मग तिला मान वर करायला फुरसत नसायची. पुढच्या रविवारी ती पुन्हा विचारायची, काका पुन्हा तेच सांगायचे. असं दोन वर्षं चाललं.

मग लोकांना डिस्कोचा वीट आला. परदेशात म्हणे एका मैदानात रेकॉर्डींचा ढीग करून उडवून दिला. आमच्याकडे तेवढं काही झालं नाही, तळघराच्या मालकानं फक्त तिथं बुटांची खोकी भरली. शेवटच्या रविवारी टोकनबाई कोट अंगात घालून ओट्याच्या पायथ्याशी उभी होती. काकांनी तिला बघितलं, हातानं 'एकच मिनिट' अशी खूण केली आणि उजवी रेकॉर्ड सुरू केली. परत बघितलं तेव्हा ती नव्हती. सहा महिन्यांत तिचं लग्न झालं, नदीपलीकडे.

काकांनी रेकॉर्डी पलंगाखाली सरकवल्या आणि भिंग डोळ्याला लावलं. त्यांच्या खोलीत एक खुर्ची होती. एकच. मी गेले की ते पलंगावर बसत. लग्नात, वाढदिवसाला, कसरतीच्या वर्गात तीच जुनी गाणी वाजत राहिली. काकांना लग्नाचं बोलावणं आलं की ते स्पीकरशेजारी बसायचे आणि दोन गाण्यांमध्ये फट पडली की दाढ दुखल्यासारखं तोंड करायचे.

टोकनबाईंचा कोट मात्र दर दोन-तीन वर्षांनी आमच्याकडे रफूला यायचा. त्यांची सून आणायची. कोट कुणाचा हे आम्हाला ठाऊक नव्हतं, काकांना होतं; तळघराच्या दिवसांत त्याला पहिलं रफू त्यांनीच केलेलं. आपलं रफू दुसऱ्या कुणाला दिसत नाही, पण ज्यानं केलं त्याला दिसतंच.

गेल्या वर्षी एक दाढीवाला तरुण लॉन्ड्रीत आला. त्यानं ते तळघर भाड्यानं घेतलं होतं, जुन्या रेकॉर्डींचं दुकान थाटलं होतं, आणि काकांनी एक रविवार येऊन वाजवावं अशी त्याची फार इच्छा होती. काका नाही म्हणणार याची मला खात्री होती. ते म्हणाले, "तीन ते सहा ना?" आणि मागच्या खोलीत गेले. त्याच आठवड्यात टोकनबाईंचा कोट रफूला आलेला होता. काकांनी त्या कोटाच्या खिशात रविवारच्या बोलावण्याची चिठ्ठी घातली.

आदल्या दिवशी त्यांनी मला जवळ बसवलं. "या खेपेला एक गाणं संपू देणार," म्हणाले. "मध्ये फट पडली तर पडू दे. उतरून त्यांच्याकडे जाणार."

"मग सांगून ठेवू त्यांना?"

"अजिबात नाही. सांगून पुन्हा जमलं नाही तर? शपथ घे माझी."

घेतली मी शपथ. आता वाटतं, जीभ झडली असती तरी चाललं असतं, पण शपथ घ्यायला नको होती.

तळघर तुडुंब भरलं होतं. सगळी नातवंडांच्या वयाची. कोट सांभाळायला मी बसले. चार वाजता टोकनबाई आल्या, हातात काठी, पायऱ्या मोजत. मी टोकन दिलं तर खळखळून हसल्या. "मलाच टोकन होय गं?" मग खुर्चीवर बसून ओट्याकडे बघत राहिल्या. काकांनी त्यांना बघितलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला तिथून दिसल्या.

सव्वापाचला काकांनी एक रेकॉर्ड लावली आणि पहिल्यांदाच दुसऱ्या प्लेअरवर काही ठेवलं नाही. म्हणजे हेच ते गाणं, मी ओळखलं. तीन-चार मिनिटं झाली. टोकनबाई उठल्या आणि टोकन माझ्यापुढे ठेवलं.

"साडेपाचची बस आहे गं. नंतरची मिळाली तर सून काळजी करते."

"थोडं थांबा ना. हे गाणं संपू दे."

त्या पुन्हा हसल्या. या वेळी हळू. "अगं, ते काही संपायचं नाही. मी ओळखते त्यांना. किती छान वाजवतात ना अजून? सांग त्यांना तसं."

शपथेमुळे खरं सांगता येईना. मध्ये शंभर माणसं नाचत होती. मी उभी राहून ओट्याकडे दोन्ही हात हलवले. काकांना वाटलं, मी खुशीनं हलवतेय. त्यांनीही हात हलवला. मग मी कोट खुंटीवरून काढला आणि टोकनबाईंच्या अंगावर चढवला. माझ्या या हातांनी.

गाणं संपलं. तळघरात एकदम शांतता झाली. पोरांना वाटलं मशीन बिघडलं. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी ओरडलं. काका तीन पायऱ्या उतरले, गर्दीतून वाट काढत आले, शर्टाची कॉलर नीट केली.

"कुठं आहेत?"

"गेल्या, काका. बस होती."

"केव्हा?"

"आत्ताच. गाणं अर्ध्यावर असताना."

ते रिकाम्या खुंटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पेटीत याच गाण्याची तीन मिनिटांचीही रेकॉर्ड होती. हात लांबवालीकडेच गेला बघ."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. ओट्यावर दाढीवाला धावत चढला, त्यानं काहीतरी लावलं आणि पोरं पुन्हा नाचायला लागली. काका टोकनबाईंच्या खुर्चीवर बसले. चेहरा उतरला होता, पण बुटाचं टोक जमिनीवर पडत होतं. धप, धप, धप, धप. मला ते बघवेना. मी डोळे पुसले आणि हात पुढे केला.

"चला काका. माझ्याबरोबर नाचा."

त्यांनी माझा हात धरला. उठले मात्र नाहीत.

"हे गाणं संपलं की," म्हणाले.

वर दाढीवाल्यानं दुसऱ्या प्लेअरवर पुढची रेकॉर्ड ठेवली होती.