बाटलेली भट्टी

मला बेळगावच्या बसमध्ये बसवलं तेव्हा आईने पावाचे दोन उंडे माझ्या परकराच्या ओच्यात वरून टाकले. मी बाहेरची होते, शिवायची चोरी. बसमधल्या कुणाला ते ठाऊक नव्हतं, म्हणून मी खुशाल त्यांच्यात चेंगरून बसले. मावशीकडे जायचं आणि परत कधी यायचं हे विचारायचं नाही, एवढंच आई बोलली. बाबा आलेच नाहीत.

दिगू, तू तेव्हा रांगत होतास, म्हणून तुला हे लिहिते आहे.

तुझ्याआधी लाटंबार्शाच्या आपल्या काजूच्या बागेत बाबांचा उजवा हात मीच होते. कातळात खोदलेल्या कुंडीत, आपल्या कोळंबीत, त्यांच्याबरोबर काजूचे बोंडू तुडवायचे, भट्टीत लाकडं सारायचे, जाळ किती हवा ते वासावरून सांगायचे. "तूं चेडो जावंक जाय आसलें गो," ते म्हणायचे. मुलगा व्हायला हवी होतीस, हे मला कौतुक वाटायचं.

मग मला कावळा शिवला आणि एका दिवसात माझं नाक, हात, सगळं बाटलं. बाहेरच्या बाईची सावली पडली की काजूच्या दारूचा पहिला उतारा, उराक, नासतो, हे मला आईने सांगितलं, आईला तिच्या सासूने. त्या महिन्यात शाळेत आम्हाला गोवामुक्तीवर निबंध लिहायला दिला होता. मला बक्षीस मिळालं.

त्या दुपारी मी ओसरीच्या कोपऱ्यात बसले होते. समोरच्या भट्टीतून करपल्याचा वास आला. हाका मारल्या, कुणी ओ दिली नाही. आई नदीवर होती. शेवटी मी आत धावले. बाबा कालचा उराक पिऊन आडवे झाले होते आणि रस उकळायच्या भाण्याखाली जाळ नुसता भडकला होता. मी दोन ओंडके बाहेर ओढले. भाणं तडकलं नाही ते त्यामुळे. तळहाताला अजून डाग आहे.

बाबा जागे झाले. त्यांनी जाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, तेवढ्यात शेजारचे लोक दारात जमले. करपलेला उराक हुंगून एकाने विचारलं, काय झालं रे?

"चेडू भितर आयलें," बाबा म्हणाले.

खोटं काहीच नव्हतं त्यात. मी आत आलेच होते.

मी बोलायला लागले, तर आईने लांबूनच दटावलं, "तोंड उघडू नको गो. बापायचें नांव जाता." बापाचं नाव राहिलं. भट्टी गोमूत्र शिंपडून शुद्ध झाली. माझ्यासाठी गोमूत्र पुरलं नसावं, मला बेळगावला पाठवलं. पुढे मावशीनेच लग्न लावून पुण्याला दिलं.

पुण्यात मी ज्यूसच्या फॅक्टरीत लागले. तिथे बॅच बिघडली तर टेम्परेचर बघतात, बायकांची तोंडं बघत नाहीत. बॉयलररूममध्ये मात्र लेडीजना पाठवत नाहीत. त्याला सेफ्टी म्हणतात. गाव सोडलं म्हणून गाव सुटतं थोडंच, ते इंग्रजी शिकून पुढे येऊन बसतं.

यंदा एप्रिलमध्ये मी आले तेव्हा तू भट्टीच्या दारातून हसत हाक मारलीस, "ये गो ताये, आतां तुका चलता." माझं वय झालं, माझं बंद झालं, हे तू तुझ्या बायकोला विचारून ठेवलं होतंस. इतकी वर्षं मी ज्या वासासाठी झुरले, तो मला माझं शरीर सुकल्यावर मिळाला. तू बाबांचा पाट पुढे सारलास. तुझ्या तोंडाला उराकाचा वास होता. आणि तुला खरं सांगते, मी बसले. बरं वाटलं, त्याचाच राग येतो.

बाहेर तुझी लेक मंजू कळशी घेऊन उभी होती. उंबऱ्यापाशी कळशी ठेवून ती मागे सरली. तुझा डोळा लागला तशी कुजबुजली, "आते, भितर कितें आसा गो?"

आत काय आहे, काय सांगणार? घर, एवढंच. जिथे आपण वाचवायला धावतो आणि बाटवलं म्हणून हाकलले जातो, ते.

मी बाहेर येऊन तिला जवळ घेतलं. माझा तळहात तिने उलटसुलट करून पाहिला. मी तिला आत जाऊ नको म्हणून बजावलं, "तुजो बापूस निदलो आनी जाळ वाडलो, तरी भितर वचूं नाका. जळूं दी."