बाबांची बंदूक आणि माझ्या सुधारणा

आमच्या घरात एक बंदूक होती आणि एक हुशार माणूस होता. घोटाळा झाला तो हुशार माणसामुळे; बंदुकीची त्यात काहीही चूक नव्हती.

हुशार माणूस म्हणजे मी. अमरावतीला एका सरकारी कचेरीत कारकून आहे आणि कुठल्याही विषयावर मोबाईलवर चार व्हिडिओ पाहिले की मला तो विषय समजतो. बंदूक बाबांची. बाबा पलटणीतून निवृत्त झाले आणि अकोल्याच्या एका बँकेच्या दारात गार्ड म्हणून उभे राहिले. त्या नोकरीला स्वतःची परवान्याची बंदूक लागायची, म्हणून त्यांनी एक दुनळी बारा बोअर घेतली. पुढे नोकरी संपली, बंदूक राहिली. अकोल्याच्या घरात आई, बाबा आणि ती, अशी तिघं राहत होती. ती लोखंडी कपाटात, काडतुसं दुसऱ्या खोलीतल्या पेटीत, आणि दोन्ही किल्ल्या बाबांच्या बंडीच्या खिशात. रविवारी विहारातून आले की बाबा तिला तेल लावून पुसत. ("माया डोक्शाले कधी लावलं नाई," हे आईचं कायमचं गाऱ्हाणं.)

एका उन्हाळ्यात बाबांच्या गल्लीत भर दुपारी चोरी झाली. समोरच्या घरची माणसं लग्नाला गेली होती. चोरांनी कुलूप तोडलं, कपाट उचकटलं आणि जाताना कूलर लावून आरामात पाणी पिऊन गेले. "अन मंग कूलर बंद करून गेले बापू!" आईने फोनवर तीनदा सांगितलं. चोरीपेक्षा तिला त्यांच्या वळणाचंच जास्त नवल वाटलं होतं.

मला मात्र घाम फुटला. आईला एका कानाने कमी ऐकू येतं. बाबांचे गुडघे खुर्चीतून उठतानाच कुरकुरतात. आणि मी दोन तासांवर, फायलींच्या ढिगाऱ्यात.

"त्यायले इकडेच घेऊन या ना," माझी बायको रजनी म्हणाली.

मी विचारलं. बाबा म्हणाले, "आमी कायले येऊ? चोरी समोरच्याकडे झाली. घर आमचं सोडाचं?"

मग माझ्यापुढे एकच मार्ग उरला. (आणखी पुष्कळ होते, पण ते त्या वेळी सुचले नाहीत.) बाबा बदलणार नाहीत, घर बदलणार नाही, तर निदान बंदूक तरी सुधारू!

मोबाईलवर मला एक अमेरिकन दाढीवाला सापडला. आमच्या घरात वाट्या नसतील इतक्या त्याच्या घरात बंदुका. त्याचं म्हणणं असं की घराच्या रक्षणासाठी नुसती बंदूक म्हणजे काहीच नाही. तिला अंधारात उजेड पाडणारी बॅटरी हवी, खांद्याला अडकवायचा पट्टा हवा, दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकायच्या लाकडी भागाला, धक्का सोसणारं रबर हवं आणि काडतुसं हाताशी राहावीत म्हणून दस्त्यावरच एक पट्टी हवी. मी कचेरीच्या डायरीत सगळं उतरवून घेतलं. साहेबांना वाटलं, मी टिपणी लिहून राहिलो. कौतुकाने बघून गेले.

अमरावतीत बंदुकीचं सामान विकणारं एक जुनं दुकान आहे. गल्ल्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना सगळे चाचा म्हणतात. मी डायरी उघडून यादी वाचली. चाचांनी ती डोळे मिटून ऐकली आणि विचारलं,

"घरात कोन कोन राह्यते?"

"आईबाबा. सुट्टीत माझी मुलगी जाते."

"मंग पयले चापाले लावाचं कुलूप घ्या. मंग साफ कराचा गज अन ब्रश."

"आणि बॅटरी?"

"दुनळी हाय ना? ते मधातून मोडते, तवाच काडतूस भरते. खालून काई लटकवलं तं अडन."

"अमेरिकेत लावतात, चाचा."

"अमेरिकेतली बंदूक अलग, भाऊ. अन अमेरिकेतला बाप बी अलग."

मी त्यांचं मन राखायला ते कुलूप तेवढं घेतलं आणि बाकीचं सगळं घरी जाऊन मोबाईलवरून मागवलं. माणूस विकायला बसलेला असून 'घेऊ नका' म्हणतो, म्हणजे याला धंदा कळत नाही, असं माझं तेव्हाचं मत!

सामान टप्प्याटप्प्याने आलं. प्रत्येक शनिवारी मी एक पुडकं घेऊन अकोल्याला जायचो. आई गरम भाकरी आणि ठेचा करायची, बाबा पुडकं उलटसुलट करून बघायचे, आणि मी म्हणायचो, "सगळं आलं की एकदमच बसवू."

मग एका शनिवारी बसवायचा मुहूर्त निघाला. बाबांनी कपाट उघडलं, बंदूक मोडली, दोन्ही रिकाम्या नळ्या माझ्यापुढे धरल्या. "पाह्य. बोट घालून पाह्य. मंगच हात लाव." मी बोट घातलं. मग ती पुन्हा मिटवून त्यांनी माझ्या हातात दिली आणि स्वतः खुर्चीत बसून पाहत राहिले.

दस्त्यावर रबरी बूट चढवला. काडतुसांची पट्टी सैल बसत होती, म्हणून ती कडक गमाने चिकटवून टाकली. पट्टा काळा मागवला होता, आला पोपटी. तो लावला. आणि बॅटरी! तिची स्वतःची पकड आमच्या दुनळीला बसेना, म्हणून मी नळाच्या दुकानातून पाइपाला लावायच्या दोन पत्र्याच्या क्लिपा आणल्या आणि बॅटरी खालून अशी आवळली, अशी आवळली की स्क्रूची खाच गुळगुळीत झाली.

आई दारात येऊन उभी राहिली. "बाप्पा! हे तं नवरदेवाच्या घोड्यावानी दिसून राहिली!"

बाबांनी बंदूक खांद्याला लावून पाहिली. रबरामुळे दस्ता दोन बोटं लांब झाला होता. त्यांनी हात ताणला, मान वाकडी केली.

"बोट चापावर पुरत नाई, बापू."

"सवय होईल, बाबा."

"कोनाले? बोटाले?"

पण त्यांनी काढ म्हटलं नाही. "तुया मनाचं समाधान झालं ना? मंग राहू दे," म्हणाले आणि ती कपाटात ठेवून दिली. मी अमरावतीला परतलो तो छाती फुगवूनच. रजनीला सांगितलं, आता घर सुरक्षित आहे.

पंधरा दिवसांत निवडणूक लागली. आचारसंहिता आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. बाबांना तसा निरोप आला. त्यांचा फोन: "शनिवार शेवटचा दिवस हाय. तू येऊन राहिला ना?"

"येतो की. का?"

"काई नाई. असंच."

बाबा असंच कधी फोन करत नाहीत, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

शनिवारी माझी गाडी उशिरा पोचली, म्हणून घरी न थांबता आम्ही ऑटोने थेट ठाणं गाठलं. तिथे रांग होती. बाळापूरकडचे, आजूबाजूच्या खेड्यांतले शेतकरी रानडुकरांसाठी घेतलेल्या बंदुका घेऊन उभे होते. कोणाची गोणपाटात, कोणाची जुन्या दुपट्ट्यात. आमची मात्र नव्या खोळीत. ऑटोत हादरे बसताना बॅटरीचं बटण दाबलं गेलं होतं, ते खोळ काढली तेव्हा कळलं. बाबांनी नळी वर धरली होती, त्यामुळे भर दुपारी ठाण्याच्या छतावर, पंख्याच्या बाजूला, प्रकाशाचा एक मोठा गोल पडला. सगळी रांग वर पाहू लागली.

"वानखडेबाबा," टेबलावरचे हवालदार म्हणाले, "हे बंदूक जमा कराले आनली का प्रचाराले?"

मागून कोणीतरी, "ड्रोन पाडाची असन!" रांग हसली. मीसुद्धा हसलो. (मला हसायला काय झालं होतं, देव जाणे!)

"मोडून दाखवा," हवालदार म्हणाले.

बाबांनी बंदूक मोडायचा खटका सरकवला आणि नळी दाबली. नळी हलली नाही. बॅटरीचं मागचं टोक चापाच्या कडीला जाऊन टेकलं होतं. पुन्हा दाबली. नाही.

हवालदारांनी खुर्ची हळूच मागे घेतली. "भरेल हाय का?"

"नाई."

"मंग मोडत काहून नाई?"

रांगेतलं हसू गेलं. लोक चार पावलं मागे सरले. आतून इन्स्पेक्टर मॅडम बाहेर आल्या. तरुण होत्या, आवाज शांत होता. त्यांनी परवाना पाहिला, बंदूक पाहिली. नंबर जुळवायला गेल्या, तर नंबर नेमका क्लिपेच्या पत्र्याखाली.

"बंदूक उघडत नाही, नंबर दिसत नाही. असं असेल तर मला ही जप्त करून अहवाल पाठवावा लागेल," त्या म्हणाल्या. "हे सगळं कोणी लावलं?"

मी तोंड उघडलं. इतक्या वर्षांत बाबांच्या परवान्यावर लाल शाईचा एक शेरा नाही. दर वेळी नूतनीकरणाला ते इस्त्रीचा शर्ट घालून जात. ते सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं, आणि तोंडातून शब्द मात्र एकही आला नाही.

बाबा टाचा जुळवून उभे राहिले. "मी लावलं, साहेब. परवाना माया नावाचा हाय. जे काई हाय ते माया जिम्म्याचं."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. रांगेतल्या बाळापूरकडच्या एका शेतकऱ्याने पिशवीतून पक्कड काढली. ट्रॅक्टरची होती, तेलाने काळी झालेली. "मॅडम, तोडू का? पत्राच तं हाय."

सगळे ठाण्यामागच्या मोकळ्या अंगणात गेले. बाबांनी बंदूक मातीच्या ढिगाकडे तोंड करून घट्ट धरली. त्या माणसाने क्लिपा तोडल्या. दुसरी तुटली तशी माझी बॅटरी टपकन खाली पडली, अजून पेटलेलीच. बाबांनी खटका सरकवला. खट्! नळी वाकली. दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसला. नंबर जुळला.

आणि आता, सगळं निभावल्यावर, माझा आवाज परत आला. "मॅडम, ते सगळं मी लावलं होतं."

"ते आल्याआल्याच कळलं," मॅडम म्हणाल्या. "तुमचे बाबा पोपटी पट्टा घेणारे दिसत नाहीत."

त्यांनी अहवाल लिहिला नाही. एवढंच सांगितलं की बंदुकीवर काहीही बसवायचं तर आधी जाणकाराला विचारा, आणि परवाना ज्याच्या नावाचा, हात त्याचाच. हवालदारांनी मात्र पावती सविस्तर केली: दुनळी बंदूक एक. पट्टा पोपटी एक. रबरी बूट एक. काडतुसाची पट्टी एक, कंसात, "निघत नाही."

ठाण्यासमोर चहाची टपरी होती. आम्ही बाकावर बसलो. चहा आला.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"उघडत नाही ते."

"रविवारीच मालूम झालं. तेल लावाले घेतली तवा. मी स्क्रू फिरवून पाह्यला, पन हात चालत नाई आता."

"मग सांगितलं का नाही?"

बाबांनी चहा बशीत ओतला. "तू एवढ्या मेहनतीनं लावलं. म्हटलं, येशीन तवा काढू." मग म्हणाले, "बँकेच्या दारात मी इतके वर्ष उभा राह्यलो. एक बी गोळी चालवली नाई. लोकं म्हनत, फुकटचा पगार खाते. मी म्हनो, तेच तं माहं काम हाय."

त्यांनी बशी तोंडाला लावली.

"अन तुई आई काय म्हनते सांगू? म्हनते, ते सामान संपलं तं पोट्टं शनिवारी येईन का नाई येईन? तू येत जाय ना बापू. त्याले पुडकं कायले पायजे?"

चहा थंड झाला होता, तो तसाच प्यालो. चोरीची बातमी ऐकून मला घाम फुटला होता तो चोराच्या भीतीने की मी तिथे नसतो या लाजेने, हे मी स्वतःला पहिल्यांदा विचारलं. बॅटरी लावणं सोपं होतं. दस्ता दोन बोटं लांब करणं सोपं होतं.

निवडणूक आटोपल्यावर बाबांनी बंदूक घरी आणली नाही. "गुडघे म्हनतात आता बस झालं," म्हणत परवाना परत करायचा अर्ज दिला. अर्ज त्यांनी स्वतःच लिहिला. माझी मदत त्यांनी नम्रपणे नाकारली. मग घराच्या रक्षणाचं त्यांनी आपल्या पद्धतीने बघितलं. ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून पुढच्या दाराला लोखंडी जाळीचं दार करून घेतलं, आतून आडवी कडी, वर दुसरी कडी. समोरच्या घरच्यांशी ठरवलं की कोणीही बाहेर गेलं तर एकमेकांना सांगून जायचं. आणि आईला बजावलं की ओळख पटल्याशिवाय दार उघडायचं नाही.

पुढच्या शनिवारी मी मोकळ्या हाताने गेलो. बाबा बाजारात होते. मी जाळीबाहेरून हाक मारली. आई आतल्या दाराआडून म्हणाली, "कोन हाय?"

"मी मिलिंद!"

"मंग पुडकं दाखव! माहा मिलिंद तं पुडकं घेऊन येते!"

माझा आवाज तिच्या चांगल्या कानापर्यंत पोचेपर्यंत अर्धी गल्ली जमा झाली आणि समोरच्या काकूंनी, ठरल्याप्रमाणे, बाबांना फोन लावला. ते दार बसवून आता वर्ष होत आलं. पक्कं काम आहे. आजवर त्याने एकच संशयित माणूस बाहेर अडवून धरला, आणि तो सरकारी नोकरीत आहे.